पहिले चार पर्च पटापट, मग भोक गप्प: बर्फावरच्या मासेमारीतली नेहमीची अडचण

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. गोठलेल्या तळ्याच्या बर्फात भोक पाडलं, जिग (गळ बसवलेलं छोटं वजन) तळापर्यंत सोडली, पहिल्या काही मिनिटांत वीतभर लांबीचे तीन-चार पर्च मासे पटापट वर आले आणि मग सगळं बंद. तासभर काठीचं टोक हललं नाही. पुढच्या खेपेला तेच तळं, तीच जागा आणि तोच अनुभव. अशा वेळी हात आपोआप आमिषाच्या डबीकडे जातो. अळी बदलायची, मग जिगचा रंग बदलायचा, लाल चालत नाही म्हणून हिरवी, हिरवी चालत नाही म्हणून सोनेरी. रंगाने फरक पडतो, पण तो सगळ्यात शेवटी. त्याआधी तपासण्यासारखं बरंच काही आहे, आणि तपासण्याचा क्रम चुकला की दिवस हातचा जातो.

‘मासे लागत नाहीत’ या एका वाक्यात तीन वेगळ्या अडचणी दडलेल्या असतात. खाली मासाच नाही. मासा आहे, पण तोंड लावत नाही. मासा तोंड लावतो, पण वर आपल्याला ते कळत नाही. तिन्हींमध्ये वरून दिसतं ते एकच, न हलणारं टोक. उपाय मात्र अगदी वेगवेगळे. पहिल्यात उठून दुसरीकडे जायचं, दुसऱ्यात तिथेच बसून सगळं हलकं आणि सावकाश करायचं, तिसऱ्यात सामान सुधारायचं. मासा निघून गेलेल्या भोकात कितीही नाजूक जिग नाचवली तरी उपयोग नाही, आणि खाली घोळका उभा असताना उठून चालू लागणं हे त्याहून मोठं नुकसान.

उत्तर अमेरिकेतल्या तळ्यांत असतो तो यलो पर्च आणि युरोप व उत्तर आशियात असतो तो युरोपियन पर्च. दोघे अगदी जवळचे नातेवाईक आहेत आणि बर्फाखालचं त्यांचं वागणं इतकं सारखं की पुढचं सगळं दोघांनाही लागू पडतं.

आधी ठरवा, खाली मासा आहे का

फ्लॅशर किंवा छोटा सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी तळ आणि मासे पडद्यावर दाखवणारं उपकरण, असेल तर हे काम सोपं वाटतं, पण पडदा रिकामा म्हणजे तळ रिकामा, असं धरून चालू नका. सोनारची लहर शंकूच्या आकारात खाली जाते. २० अंशांचा शंकू असेल तर तळाशी तो खोलीच्या साधारण एक-तृतीयांश रुंदीचा होतो, म्हणजे ६ मीटर पाण्यात जेमतेम २ मीटरचं वर्तुळ. ९ अंशांच्या शंकूत तेच वर्तुळ १ मीटरच्या आत येतं. दुसरी गोष्ट उताराची. तळ तिरका असेल तर शंकूच्या वरच्या कडेला लागलेला तळ आधी दिसतो आणि खालच्या बाजूला तळालगत पडून असलेले मासे त्या जाड रेषेत हरवतात. पर्च हा तळाला धरून राहणारा मासा, त्यामुळे ही चूक त्याच्याच बाबतीत सर्वात जास्त होते. उतारावर बसला असाल तर जिग तळाला टेकवून हातभर वर घ्या आणि थोडं थांबा. मासा असेल तर तो तळ सोडून वर उठतो आणि मगच पडद्यावर वेगळा दिसतो.

सोनार नसेल तर तपासणी हाताने करायची. सर्वात बारीक तंगूस, सर्वात लहान जिग, एकच ताजी अळी. जिग तळावर दोन-तीनदा आपटा म्हणजे गाळाचा छोटासा लोट उठेल. पर्च तळातल्या अळ्या खणून खातो, त्यामुळे उडणारा गाळ त्याला लांबून ओढून आणतो. मग जिग तळापासून बोटभर वर स्थिर धरा. काही सेकंदांनी अगदी सावकाश अर्धा मीटर वर न्या, थांबा, पुन्हा खाली. असं चार-पाच वेळा करून टोकाला साधी थरथरही आली नाही, तर खाली मासा नाही असं मानून पुढे जा. या तपासणीला पाच मिनिटं पुरतात. त्याहून जास्त वेळ देणं म्हणजे आशेवर बसणं.

घड्याळाकडेही बघा. पर्च डोळ्यांनी शिकार करतो. दिवसा फिरतो, सकाळी उजाडल्यावर आणि दुपार कलताना त्याची भूक जास्त असते, आणि अंधार पडला की घोळका विस्कटून मासे तळाशी स्वस्थ पडून राहतात. संध्याकाळी भोक गप्प झालं असेल तर दुरुस्त करण्यासारखं काही नाही, सामान आवरा.

मासा निघून गेला असेल तर

सुरुवातीला चार मासे आणि मग शांतता, या अनुभवामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. पर्च घोळक्याने राहतात आणि दिवसभर तळालगत चरत फिरतात. तुम्ही भोक पाडलं तेव्हा एक घोळका खालून जात होता. त्यातले चार लागले, बाकीचे पुढे गेले. आमिषात दोष नव्हता, जागाही वाईट नव्हती, फक्त घोळका हलला.

यावरचा उपाय म्हणजे एकाच भोकावर अवलंबून न राहणं. बसण्याआधीच सात-आठ भोकं पाडून ठेवावीत, उथळाकडून खोलाकडे जाणाऱ्या ओळीत, एकमेकांपासून आठ-दहा पावलांवर. सगळी एकदम पाडायची, कारण गिरमिटाचा आवाज आणि हादरा उथळ पाण्यातल्या माशांना पांगवतो. काम झालं की पंधरा-वीस मिनिटं त्या ओळीपासून लांब राहा. मग पहिल्या भोकापासून सुरुवात करा, प्रत्येकाला पाच मिनिटं द्या, आणि मासा लागला की ती खोली लक्षात ठेवा. ओळीतल्या चौथ्या भोकात, समजा ५ मीटरवर मासे लागले, तर पुढची भोकं त्याच खोलीवर, काठाला समांतर पाडायची. घोळका खोलीची रेषा धरून चालतो. गप्प झालेल्या भोकावर अर्ध्या-पाऊण तासाने परत जायला विसरू नका. तोच घोळका, किंवा दुसरा, त्याच वाटेने पुन्हा येतो.

बर्फ नितळ असेल तर भोक न पाडताही खोली कळते. बर्फावर थोडं पाणी ओता, त्यात सोनारचा संवेदक घट्ट टेकवा. बर्फात हवेचे बुडबुडे नसतील तर आरपार वाचन मिळतं. गिरमिट हाताने चालवणाऱ्याचे यात किती श्रम वाचतात, हे वेगळं सांगायला नको.

ओळ आखताना पावलं बर्फावर पडतात, तेव्हा बर्फाबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. चालायला किमान १० सेंटिमीटर नितळ, घट्ट बर्फ हवा. पांढरा, हिम मिसळून गोठलेला बर्फ साधारण निम्म्या ताकदीचा धरावा, म्हणजे तिथे जाडी दुप्पट हवी. पहिल्या भोकाशी १५ सेंटिमीटर मिळाला म्हणून पन्नास पावलांवरही तेवढाच असेल असं नाही. ओढ्याच्या मुखाशी, झऱ्यावर, लव्हाळ्यांच्या कडेने, दोन बेटांमधल्या अरुंद जागेत तो पातळ असतो. जाड हिमाखालीही तो सावकाश वाढतो, कारण हिम थंडी आत जाऊ देत नाही. दर काही पावलांवर पहार मारून बघा, पाण्यात पडलात तर बर्फात रोवून बाहेर यायला गळ्यात अणकुचीदार टोचे अडकवा आणि एकटे जाऊ नका.

मग शोधायचं कुठे? हिवाळ्याच्या कोणत्या टप्प्यावर आहात त्यावर ते ठरतं. पहिला बर्फ धरतो तेव्हा पर्च अजून उथळात असतात, २ ते ४ मीटरवर, जिथे पाणवनस्पती हिरव्या आहेत. हिरवी वनस्पती प्राणवायू देते, तिच्यात किडे आणि लहान मासे लपतात. तीच वनस्पती मरून तपकिरी झाली की कुजताना प्राणवायू खाते आणि मासे तिथून निघतात. गिरमिटाबरोबर किंवा गळाला अडकून वर आलेला पाला बघण्याची सवय लावून घ्या. हिरवा आणि करकरीत असेल तर थांबा, मऊ आणि तपकिरी असेल तर खोलाकडे सरका.

हिवाळ्याच्या मध्यात घोळके बहुधा ६ ते १२ मीटरच्या सपाट, मऊ तळाकडे जातात. हे पाण्याच्या स्वभावाशीही जुळतं. पाणी ४ अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वात जड असतं, म्हणून बर्फाला लागून असलेलं पाणी शून्याच्या जवळ आणि खोल तळाचं पाणी सर्वात उबदार. शिवाय त्या मऊ गाळात कायरोनॉमिड या डासासारख्या किड्यांच्या लाल अळ्या असतात, आणि हिवाळ्यात छोट्या पर्चच्या जेवणाचा मोठा भाग त्याच. घट्ट तळ संपून गाळ सुरू होतो ती कडा सर्वात चांगली. खोली मोजायचं वजन खाली सोडून पाहा. घट्ट तळावर ते टक्कन लागतं, गाळात रुततं आणि उचलताना किंचित चिकटतं.

मात्र हाच खोल तळ हिवाळा सरत आला की दगा देतो, आणि ‘मागच्या महिन्यात इथे मासेच मासे होते’ ही तक्रार त्यातूनच येते. बर्फावर जाड हिम साचलं की खाली जवळपास अंधार होतो, वनस्पतींकडून प्राणवायू मिळत नाही, आणि गाळातलं कुजणं मात्र चालूच राहतं. प्राणवायू तळापासून वरच्या दिशेने संपत जातो. लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या खाली तो गेला की बहुतेक मासे संकटात येतात. पर्च बऱ्यापैकी तग धरतो, पण तोही तळ सोडून वर सरकतो. वजनाबरोबर काळा, सडक्या अंड्यासारखा वास येणारा गाळ वर आला तर तळाशी प्राणवायू उरलेला नाही, हे नक्की समजा. अशा ठिकाणी तळावर जिग आपटणं निरर्थक. जिग तळापासून २-३ मीटर वर धरून पाहा, नाहीतर वाहतं पाणी येणाऱ्या बाजूला सरका. तिथे बर्फ पातळ असतो, तेवढं मात्र ध्यानात ठेवून.

अगदी शेवटच्या टप्प्यात, हिम वितळून पाणी भोकांतून खाली उतरू लागतं तेव्हा, पर्च पुन्हा उथळाकडे निघतात. बर्फ गेल्यावर लगेच त्यांची वीण सुरू होते, आणि माद्या लांब चिकट फितीसारखी अंडी पाणवनस्पतींवर नाहीतर बुडालेल्या फांद्यांवर गुंडाळतात. अशा खाडीसारख्या उथळ जागांच्या तोंडाशी शोधा.

मासा आहे, पण नुसता बघतो

ही दुसरी अडचण, आणि मला वाटतं कौशल्याचा खरा कस इथेच लागतो. फ्लॅशरवर रेघ वर येते, जिगपाशी थांबते आणि परत खाली जाते. वर टोक स्थिर.

सर्वात आधी तंगूस पिळला गेलाय का ते पाहा. साध्या, स्थिर फिरकीच्या (स्पिनिंग) रिळावर तंगूस गुंडाळताना प्रत्येक वेढ्याला त्यात पीळ बसतो. तळ्यातल्या मोठ्या गळाला त्याने काही होत नाही, पण अर्धा-एक ग्रॅमची जिग स्थिर धरली की तो पीळ सुटू लागतो आणि जिग स्वतःभोवती गरगर फिरते. गाळातली अळी अशी कधी फिरत नाही. पर्च जवळ येतो, बघतो आणि वळतो. जिग भोकातल्या पाण्यात डोळ्यांसमोर धरा आणि दहा सेकंद पाहा. फिरत असेल तर तंगूस बर्फावर लांब सोडून पीळ काढा, किंवा सरळ गुंडाळणारं चाकासारखं रीळ वापरा. हाताने तंगूस ओढून वर घेणाऱ्यांना ही अडचण येतच नाही, फक्त तो वाऱ्याने बर्फावर गुंतणार नाही याची काळजी घ्यावी लागते. मासे ‘बघून परत जातात’ अशा तक्रारींत मी सर्वात आधी या पिळाचा संशय घेतो.

त्याच वेळी गाठही तपासा. आडव्या लटकणाऱ्या जिगची गाठ माशाला हिसका देताना पुढे सरकते, आणि मग जिग नाक वर करून उभी लटकते. दर माशानंतर गाठ नखाने मागे ढकलून कडीच्या मधोमध आणावी. दोन सेकंदांचं काम आहे. पहिल्या चार माशांनंतर भोक बंद पडण्याचं हेही एक कारण असू शकतं, कारण पहिल्या माशाच्या वेळी गाठ बरोबर जागी होती.

आमिषही तसंच. लाल अळी गळाला टोचली की तिच्या आतला द्रव पाण्यात उतरतो आणि त्यावरच मासा तोंड उघडतो. एक-दोन माशांनंतर उरतं ते रिकामं कातडं. दर माशाला नवी अळी लावा, डोक्याच्या टोकाजवळ, एकदाच टोचून, म्हणजे बाकीचं शरीर हलत राहील. डबी अंगरख्याच्या आतल्या खिशात ठेवा. एकदा गोठलेली अळी मऊ पडते आणि वळवळत नाही.

जिगच्या चालीबद्दल. लांबून मासा बोलवायला मोठी चाल लागते, वीतभर उचलून सोडणं, तळ आपटणं. पण मासा जवळ आल्यावर तीच चाल त्याला दूर ठेवते. रेघ दिसली, किंवा टोकाला पहिली थरथर जाणवली, की हात शांत करा. बारीक कंप, मग तीन-चार सेकंद थांबा, मग अगदी हळू वर. पर्च बहुधा थांबल्यावर किंवा त्या संथ चढणीवर तोंड लावतो. जिग नेहमी माशाच्या किंचित वर असावी. खाली गेलेल्या आमिषामागे तो नाखुशीने जातो, वर जाणाऱ्यामागे आवडीने. मासा वर येत असेल तर जिगही वर न्या. दोन-तीन वेळा असं केल्यावर घोळक्यातले इतर मासेही उठतात, आणि मग त्यांच्यातच चढाओढ लागते.

ती चढाओढ टिकवणं हा वेगाचा प्रश्न आहे. गळाला लागलेल्या पर्चच्या मागे त्याचे सोबती काही अंतर वर येतात, मग परत फिरतात. ते पांगायच्या आत जिग पुन्हा खाली पोचली पाहिजे. म्हणून आकार न वाढवता वजन वाढवा. टंगस्टनची घनता शिशाच्या दीडपटीहून जास्त आहे, त्यामुळे तेवढ्याच आकाराची जिग जास्त जड होते आणि लवकर बुडते. काही ठिकाणी शिशाच्या लहान जिगवर बंदी आहे, कारण पाणपक्षी ते गिळून मरतात, तेव्हा टंगस्टन तसाही चांगला. ८-१० मीटर पाण्यात दुसरा मार्ग म्हणजे जड, चमकणारी पट्टी, तिचा मोठा गळ काढून टाकलेला, आणि तिच्याखाली बोटभर साखळीला लहान गळ. पट्टी झटकन खाली जाते आणि चमकून मासे बोलावते, खायला मात्र साखळीच्या टोकाची एकच अळी.

उथळ, नितळ पाण्यात, बर्फावर हिम नसताना, तुमची सावली आणि भोकातून पडणारा उजेडाचा झोत हेही कारण असू शकतं. झाऱ्याने भोक अगदी स्वच्छ करू नका. बर्फाचा भुगा भोकात राहू द्या, तंगूस जाईल एवढीच वाट ठेवा, आणि पावलांचा आवाज टाळा. खोल पाण्यात याचा विचार करायची फारशी गरज नाही.

हवेच्या दाबाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. दाब पडला म्हणून मासे बंद झाले, हे बर्फावर फार ऐकू येतं. हिशेब करून पाहा: हवेच्या दाबात १० हेक्टोपास्कलचा बदल म्हणजे पाण्याच्या फक्त १० सेंटिमीटर उंचीएवढा बदल. पर्च जिगमागे हातभर वर येतो तेव्हा तो याच्या कितीतरी पट जास्त बदल सोसतो. हवामान पालटताना उजेड बदलतो आणि डोळ्यांनी शिकार करणाऱ्या माशावर त्याचा परिणाम होणं साहजिक आहे. पण दाबाला दोष देऊन बसलात तर पिळलेला तंगूस आणि सरकलेली गाठ तशीच राहते.

मासा तोंड लावतो, पण कळत नाही

खूण ओळखायला सोपी आहे. जिग वर घेतली तर अळी गायब, किंवा चुरगळलेली. थंड पाण्यात छोटा पर्च आमिषावर झडप घालत नाही. तो ते पाण्यासह आत ओढतो आणि पटलं नाही तर क्षणात बाहेर टाकतो. या सगळ्यात तंगूस जेमतेम काही मिलिमीटर हलतो. जाड काठीचं टोक तेवढं दाखवत नाही.

टोकाला लावायची मऊ पाती किंवा स्प्रिंग हा यावरचा सर्वात मोठा उपाय. जिगच्या वजनाने ती किंचित वाकलेली असावी. सरळ उभी राहत असेल तर ती फार कडक आहे, पूर्ण लोंबत असेल तर फार मऊ. वाकलेली का हवी, हे समजून घ्या: पर्च बऱ्याचदा आमिष उचलून वर येतो, तेव्हा टोक खाली ओढलं जात नाही, उलट जिगचं वजन कमी होऊन पाती वर सरळ होते. फक्त खालच्या ओढीची वाट बघणाऱ्याचे हे सगळे चावे निसटतात. पाती वर आली, बाजूला गेली, कंप थांबला, काहीही वेगळं झालं की मनगटाने छोटा हिसका द्या. मोठा नको, पर्चच्या तोंडाचं पातळ कातडं फाटतं.

तंगूस ०.१० ते ०.१४ मिलिमीटर जाडीचा असावा. जाड तंगूस थंडीत रिळाच्या वेढ्यांचा आकार धरून ठेवतो, आणि हलक्या जिगला ती वेटोळी सरळ करता येत नाहीत. मग चावा तिथेच जिरतो. विणलेला धागा ताणत नाही, म्हणून आकर्षक वाटतो, पण पाणी शोषून तो उघड्यावर गोठतो. तंबूच्या उबेत ठीक, उघड्या बर्फावर मला तो पटत नाही. कड्यांमध्ये बर्फ धरला असेल तर फोडू नका, टोक काही क्षण भोकातल्या पाण्यात बुडवा, बर्फ आपोआप सुटतो.

आणि गळाची अणी. तळावर जिग आपटत राहिल्याने ती बोथट होते. नखावर हलकेच टेकवून ओढा. घसरली तर घासा किंवा गळ बदला.

मासे लागतात, पण सगळे बोटाएवढे

इथे आधी एक भेद करावा लागतो. पर्च साधारण एकाच आकाराच्या सोबत्यांसह फिरतात, त्यामुळे तुम्ही लहानांच्या घोळक्यावर बसला असाल. तसं असेल तर त्या घोळक्याच्या कडेला, थोडं खोल, मोठ्या आमिषाने प्रयत्न करा. संतुलित, माशाच्या आकाराची जिग लहानांना थोडी लांब ठेवते. मोठे पर्च लहान पर्चनाही खातात, तेव्हा ते फार दूर नसतात.

पण काही तळ्यांमध्ये मोठे जवळपास नसतातच. पर्च आयुष्यात आधी पाण्यातले सूक्ष्म प्राणी खातो, मग तळातल्या अळ्या, मग मासे. तळ्यात पर्च फार झाले, किंवा तेच अन्न खाणाऱ्या इतर माशांशी स्पर्धा असली, की तो मधल्या पायरीवर अडकतो. वय वाढतं, अंग वाढत नाही. १२-१५ सेंटिमीटरचा मासा तिथे कित्येक वर्षांचा असू शकतो. हे घरी तपासता येतं. कल्ल्यावरचं हाडाचं झाकण काढा, उकळत्या पाण्यात थोडा वेळ ठेवा, मांस आणि कातडं पुसून टाका आणि उजेडासमोर धरा. वर्षागणिक एक अशी वलयं दिसतात, आणि मासेशास्त्रज्ञही पर्चचं वय असंच मोजतात. चार-पाच माशांच्या झाकणांवर वलयं दाटीवाटीने, विशेषतः कडेला, दिसली तर तळं खुंटलेल्या पर्चचं आहे. त्यावर जिग बदलून उपाय नाही. मोठा मासा हवा असेल तर दुसरं तळं शोधा. लहान मासे खायला आवडत असतील तर अशा तळ्यातून मर्यादेत मासे नेण्यात गैर काही नाही, आणि शिकायला यासारखी जागा नाही, कारण चावे भरपूर मिळतात. किती नेता येतात, किती काठ्या चालतात, कोणतं आमिष चालतं, हे नियम तळ्यागणिक बदलतात, ते आधी वाचून जा.

लहान मासे परत सोडताना खोली बघा. पर्चच्या वाताशयाला (पोटातल्या हवेच्या पिशवीला) घशाशी जोडणारी नळी नसते, त्यामुळे वर येताना फुगलेली हवा त्याला पटकन बाहेर टाकता येत नाही. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणजे तिथून वर आणलेल्या माशाच्या पोटातली हवा दुप्पट जागा मागते. पोट फुगतं, कधी जठर तोंडातून बाहेर येतं. असा मासा भोकात सोडला तर तो खाली जात नाही. बर्फाच्या खालच्या बाजूला चिकटून मरतो, आणि वरून काही दिसत नसल्याने तो पोहून गेला असं आपल्याला वाटतं. म्हणून १० मीटर किंवा त्याहून खोल पाण्यात लहानच मासे लागत असतील तर ती भोकं सोडून ४-५ मीटरच्या ओळीवर या. तिथून आलेला मासा ओल्या हाताने धरा, कोरड्या हिमावर ठेवू नका, कडक थंडीत त्याचे कल्ले आणि डोळे काही क्षणांत गोठतात. गळ भोकाच्या तोंडाशीच सोडवा आणि माशाचं डोकं खालच्या दिशेला करून त्याला पाण्यात जाऊ द्या.